समुद्री खेकड्यांवर प्रकल्प करताय? या चुका टाळा

मत्स्यविज्ञानाच्या मुलामुलींचे खेकड्यांवरचे प्रकल्प मी बरीच वर्षं वाचतोय. आकडेमोड बहुतेकांची चोख असते. चूक होते ती कितीतरी आधी, बंदरावर पाटीतून खेकडा उचलताना. ती मग टेबलावर कितीही डोकं लावलं तरी दुरुस्त होत नाही.

पहिली चूक नावाची. मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे दिसले की पोहणाऱ्या खेकड्यांचं कुळ कळतं, जात कळत नाही. पाठीवर मागच्या बाजूला तीन गडद ठिपके असले तर तो पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस, इतकं सोपं प्रत्येक वेळी नसतं. निळ्या खेकड्याचा नर निळा आणि मादी मळकट तपकिरी, म्हणून दोन जाती लिहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. शिवाय याच निळ्या खेकड्याला सगळे सरसकट पोर्ट्युनस पेलाजिकस म्हणत आले, त्याच्या २०१० साली चार जाती ठरल्या. बंगालच्या उपसागरातला आता रेटिक्युलॅटस, तर हिंदी महासागराच्या पश्चिम भागातला सेग्निस. चिखलातल्या चिंबोरीचंही १९९८ मध्ये असंच झालं. जुन्या भारतीय निबंधातली सिला सेराटा ही खरी सेराटाच असेल असं धरू नका. नांगीच्या मनगटावरचे काटे बघा: सेराटाला बाहेरच्या बाजूला दोन ठळक काटे असतात, तिच्याच जवळच्या ऑलिव्हेशिया जातीला एखादाच बोथट, नाहीतर तोही नाही. ओळख पटवायच्या आधी रंगीत फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. खेकड्याने कात कधी टाकली, हे न बघताच वजन घेणं.

मासळी बाजारातली कुठलीही मावशी खेकडा हातात घेते, कवचाच्या कडेला अंगठा दाबते आणि दोन क्षणांत ‘पोकळ’ म्हणून बाजूला ठेवते. विद्यार्थी मात्र तोच पोकळ खेकडा वजनकाट्यावर ठेवून लांबी-वजनाच्या आलेखात टाकतात. कात टाकल्यावर खेकडा पाणी शोषून फुगतो. कवच मोठं होतं, मांस मागून हळूहळू भरतं. त्यामुळे एकाच रुंदीचे दोन खेकडे दोन तळहातांवर ठेवले तर एक दगडासारखा लागतो आणि एक खोक्यासारखा. मांसाचं प्रमाण, प्रथिनं, चरबी, कवचातला चुना, सगळं याच चक्रावर फिरतं. म्हणून प्रत्येक नमुन्यासमोर एक रकाना वाढवा: कवच मऊ, दाबलं तर लवणारं, की टणक? पोट पांढरंशुभ्र आहे की डागाळलेलं? पाठीवर शिंपल्यांसारखे जीव चिकटलेत का? चिकटले असतील तर कात टाकून बरेच दिवस झालेत. आणि तिथीही लिहा. अवसेचे खेकडे भरलेले, पुनवेचे पोकळ, हे किनाऱ्यावर सगळे सांगतात. तुमच्या नमुन्यांत ते खरं ठरतं का, हे तिथी लिहिली असेल तरच तपासता येईल.

कात टाकताना कठीण भाग सगळेच जातात. म्हणून माशाच्या कानातल्या खड्यावरून वय मोजतात तसं इथे चालत नाही. रुंदीवरून थेट वर्षं लिहू नका.

मादीच्या बाबतीत ‘लाख’ आणि ‘अंडी’ यांची गल्लत होते. लाख म्हणजे कवचाच्या आतलं केशरी अंडाशय. पोटाच्या झडपेखाली दिसणारा रवाळ घोस म्हणजे बाहेर आलेली अंडी. ती आधी पिवळी-केशरी, मग तपकिरी, शेवटी काळपट होतात, कारण आतला बलक संपतो आणि पिल्लांचे डोळे दिसू लागतात. अंड्यांची संख्या मोजायची तर पिवळ्या अवस्थेतली मादी घ्या. काळ्या घोसातली बरीच अंडी तोवर गळालेली असतात. आणि घोस गुळगुळीत, एकसंध पिशवीसारखा वाटला तर थांबा. ती सॅक्युलिना असू शकते, खेकड्याला वांझ करणारा परजीवी. ती नरालाही होते आणि त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं, म्हणून लिंगसुद्धा चुकतं.

रुंदी कवचाच्या दोन्ही बाजूंच्या काट्यांच्या टोकापासून टोकापर्यंत घेतली की काट्यांच्या बुडाशी, हे लिहा. नांगी तुटलेले किंवा नवी छोटी नांगी फुटलेले खेकडे वजनाच्या गणितातून वगळा. जिवंत खेकडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो पाय झटकून देतो, म्हणून आधी बर्फात गार करा. फॉर्मेलिनमध्ये फार दिवस ठेवलात तर आम्लामुळे कवच ठिसूळ होतं. ७० टक्के अल्कोहोल बरं.

कवचातल्या कायटिन या चिवट पदार्थापासून कायटोसान बनवणाऱ्यांची अडचण वेगळी. कोळंबीच्या सालीची कृती तशीच वापरतात आणि चुना शिल्लक राहतो. खेकड्याच्या कवचात चुना कितीतरी जास्त. एका विद्यार्थिनीने सगळी भुकटी एकदम आम्लात ओतली. फेस चंचुपात्राबाहेर आला, हातमोजे होते म्हणून बरं. भुकटी थोडी थोडी घाला आणि ताजं आम्ल घातल्यावरही बुडबुडे येईनासे होईपर्यंत थांबू नका. शेवटी पदार्थ १ टक्का असेटिक आम्लात विरघळतो का बघा. विरघळला नाही तर तुमच्या हातात अजून कायटिनच आहे, तीव्र अल्कलीत पुन्हा तापवावं लागेल.

बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.