शोधनिबंधातला बंधारा ज्ञानकोशात नेताना

एम.ए.ला भूगोल होता आणि शोधनिबंधाला विषय घेतला तो घरचाच, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीपात्रात दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाच्या तोंडावर ते काढून पुराला वाट द्यायची. भोगावतीकाठच्या आमच्या गावात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

निबंध जमा केला, गुण मिळाले आणि ती पानं कपाटात गेली. मला ते बरं वाटेना. एका रात्री मराठी विकिपीडियावर खातं उघडलं आणि मजकूर जवळजवळ आहे तसा चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्यातला बराचसा भाग काढलेला. 'इतिहास पहा'वर टिचकी मारली तर एका जुन्या संपादकानं कारण नोंदवलेलं होतं: मूळ संशोधन, संदर्भ नाही.

राग आला. मी स्वतः फिरून गोळा केलेलं होतं ते! पण चूक माझीच होती. परीक्षक विचारतात, यात तुझं नवं काय? ज्ञानकोश विचारतो, हे आधी कुठं छापून आलंय? वाचकाला ताडून पाहता आलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

माझ्या निबंधाचा जीव होता तो अकरा शेतकऱ्यांच्या मुलाखतींत. एक आजोबा म्हणाले होते, "बरगं काढायला उशीर झाला की पानी शिवारात शिरतंय बघ पोरी." बरगे कोण काढायचं, निरोप कसा यायचा, रात्री किती माणसं लागायची, सगळं त्यांनी सांगितलं. यातलं एक वाक्यही लेखात बसत नव्हतं, कारण ते फक्त माझ्या वहीत होतं. तुमच्या निबंधातही असं काही असेल तर ते टाकून देऊ नका. आधी एखाद्या नियतकालिकात रीतसर छापून आणा. मग त्याचा संदर्भ देता येईल. स्वतःच देणार असाल तर चर्चापानावर तसं सांगून टाका.

मग मी लेख नव्यानं लिहायला घेतला, या वेळी धूळपाटीवर. धूळपाटी म्हणजे सरावाची जागा, तिथं खाडाखोड केली तरी कुणाची हरकत नसते. संदर्भांसाठी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० सालचं करवीर नगर वाचन मंदिर असे हेलपाटे सुरू झाले. नद्यांसाठी १८८६चं कोल्हापूरचं गॅझेटियर उघडलं. वाचतानाच पान क्रमांक टिपून ठेवा. मी ठेवले नव्हते आणि तेवढ्यासाठी तीनदा परत जावं लागलं.

भाषेवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. मी लिहिलं होतं, 'राजाराम बंधारा म्हणजे कोल्हापूरची जीवनवाहिनी.' ते खोडून लिहिलं, 'राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.' पुराच्या दिवसांत आख्खं कोल्हापूर ज्या आकड्यांकडे डोळे लावून बसतं, ते आकडे विशेषणापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. शोधनिबंधातली 'माझ्या मते', 'निष्कर्ष असा की' ही वाक्यंही गेली.

हक्कांचं मात्र आधीच बघा. विकिपीडियावर लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो. नाव आणि तोच परवाना ठेवून तो कुणालाही वापरता येतो. तुमचा निबंध एखाद्या नियतकालिकानं छापला असेल तर हक्क त्यांच्याकडे गेलेले असू शकतात. अशा वेळी स्वतःचाच मजकूरही चिकटवू नका, माहिती घेऊन नव्या वाक्यांत लिहा.

छायाचित्रांचं तसं नाही. स्वतः काढलेलं छायाचित्र आधी कुठं छापलेलं असावं लागत नाही, ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या भांडारात, चढवता येतं. मी एकाच बंधाऱ्याची दोन चढवली: जानेवारीतलं, बरगे बसवलेले आणि मागं पाणी तुंबलेलं, जूनमधलं, नुसते खांब आणि त्यांच्यामधून धावणारं गढूळ पाणी. बंधारा कसा चालतो हे माझ्या चार परिच्छेदांपेक्षा त्या जोडीनं लवकर कळतं.

लेख आता निबंधाच्या दहाव्या हिश्श्याएवढा आहे. त्यात दुसऱ्यांनीही भर घातलीय, माझी दोन वाक्यं सुधारलीत. मी सध्या त्या अकरा मुलाखती टंकते आहे, छापायला पाठवायच्या म्हणून. आजोबांची सतरा पानं झालीत आणि ते अजून पहिल्याच पुरापाशी आहेत.