टोकियोत घाई नेमकी कुठे करायची

मी डोंबिवलीची. कॉलेज आणि नोकरी मिळून नऊ वर्षं लोकलने काढली. त्यामुळे टोकियोला निघताना कोणी ‘तिकडची लाइफ फार फास्ट असते हं’ म्हटलं की मला हसू यायचं. सकाळी लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत एका पायावर उभं राहणाऱ्या बाईला कोणती फास्ट लाइफ घाबरवणार?

पाचव्याच दिवशी ओतेमाची स्टेशनच्या गेटवर जिरली. बाहेर पडताना सुइका, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं रेल्वेचं कार्ड, टेकवलं. त्यात पैसे कमी होते, समोरच्या दोन झडपा फाडकन बंद झाल्या. मी तिथेच उभी राहून पर्समध्ये सुट्टे शोधायला लागले. मागची रांग एक शब्द न बोलता फुटली आणि शेजारच्या गेटांमधून निघून गेली. कोणी ‘ओ मॅडम, बाजूला व्हा ना’ म्हणालं नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. आमच्याकडे एव्हाना तीन बायका खेकसल्या असत्या आणि चौथीने दहाची नोट काढून दिली असती. इथे शेकडो माणसं मला वळसा घालून गेली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्डात पैसे भरायचं मशीन माझ्यामागे चार पावलांवर होतं.

ऑफिसमधल्या एका वरिष्ठ जपानी बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘थांबायचं असेल तर खांब गाठायचा.’ स्टेशनात खांबाच्या आडोशाला कोणी चालत नाही. नकाशा बघणं, बॅगेत हात घालणं, आईचा फोन घेणं, सगळं तिथे. नव्याने येणाऱ्यांना मी हा सल्ला सगळ्यात आधी देते. टोकियोत तुम्ही सावकाश चाललात तरी चालतं, मधेच थांबलेलं मात्र चालत नाही. शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत. तिथे ‘बाहेर पडून बघू’ म्हणालात तर अर्धा तास गेलाच. कोणत्या नंबरच्या दरवाजाने बाहेर पडायचं हे गाडीत बसल्या बसल्याच बघून ठेवा. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. रेल्वेवाले आता ‘दोन्ही बाजूंना उभे राहा, चालू नका’ म्हणून सांगतात, पण उजवी बाजू अजून मोकळीच सोडलेली दिसते.

मी निशी-कासाईला राहते. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांचा म्हणूनच ओळखला जातो. २००० च्या आसपास आयटीवाले इथे यायला लागले, कारण तोझाई या मेट्रो लाइनने निहोनबाशी, ओतेमाचीची ऑफिसं वीसेक मिनिटांवर येतात. शिवाय यूआर या निमसरकारी संस्थेची भाड्याची घरं आहेत. त्यांना जामीनदार लागत नाही, घरमालकाला ‘भेट’ म्हणून द्यायची आणि कधीच परत न मिळणारी रेइकिन नावाची रक्कमही लागत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट तेवढं ठेवायचं. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक इथूनच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, त्यामुळे मराठी आडनाव इथे अगदीच परकं नाही. गंमत म्हणजे तोझाईची फास्ट निशी-कासाईला थांबतच नाही. डोंबिवलीच्या माणसाला हा अपमान पचवायला जरा वेळ लागतो.

याच लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ सालची सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. जपानी वाहतूक मंत्रालयाने तेव्हा टक्क्यांचा अर्थही लिहून ठेवला होता. १५० म्हणजे पेपर आरामात वाचता येतो, १८० म्हणजे घडी घालून वाचता येतो आणि २०० म्हणजे अंगं एकमेकांवर दाबली जातात, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. कोविडनंतर हा आकडा बराच उतरला. तरीही खरं सांगते, मला गर्दी जड गेली नाही, गप्प बसणं जड गेलं. लोकलमध्ये ‘कुठे उतरणार?’ विचारून सीट बुक करता करता मैत्री होते, गजरे विकले जातात, सासूचा उद्धार होतो. इथे एवढी माणसं एकमेकांना चिकटून उभी आणि फक्त एसीचा आवाज. पहिले तीन महिने मी रोज संध्याकाळी घरी येऊन कारण नसताना टीव्ही लावून ठेवायचे. सकाळी बायकांसाठी एक राखीव डबा असतो. त्यात जरा मोकळं वाटतं, पण तोही गप्पच.

आता ऑफिस. दहाची मीटिंग म्हणून मी दहाला पोचले, तर सगळे लॅपटॉप उघडून बसलेले. इथे शाळेपासून ‘पाच मिनिटं आधी’ शिकवतात. २०१७ साली त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वेळेच्या २० सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती, म्हणजे बघा. उशीर होणारच असेल तर तो व्हायच्या आधी कळवायचा. गाडीच उशिरा आली तर स्टेशनवर तसा छोटा कागद देतात. तो घेऊन ऑफिसात दाखवला की प्रश्न मिटला. पहिल्यांदा मी तो घेतलाच नाही. ‘ट्रेन लेट होती’ हे कारण आपल्याकडे कोणी कागदावर मागत नाही.

पण याच ऑफिसात एक साधा निर्णय व्हायला सहा आठवडे लागले, आणि खरी ठेच मला तिथे लागली. मीटिंगमध्ये मी उत्साहाने नवी कल्पना मांडली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम. त्या माना ‘ऐकतोय’ म्हणून डोलत होत्या. इथे मीटिंगच्या आधी एकेकाला गाठून, बोलून, शंका काढून घ्यायच्या असतात. त्याला नेमावाशी म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवती खणून ठेवतात, त्यावरून आलेला शब्द. हे खणणं झालं की मीटिंग पाच मिनिटांत आटपते, आणि एकदा ठरलं की काम झपाट्याने होतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत मीटिंगमध्ये चमकायची घाई नको.

दुसरी घाई शब्द देण्याची. ‘दोन दिवसांत करते’ असं आपल्या तोंडातून सहज निघतं, तीन लागले तर आपल्याकडे कोणी फासावर देत नाही. इथे मी तिसऱ्या दिवशी काम दिलं. कोणी ओरडलं नाही, पण पुढच्या वेळी माझ्या तारखेवर दोघांनी हळूच पुन्हा विचारलं. तेव्हापासून पाच दिवस सांगते आणि चौथ्या दिवशी देते.

संध्याकाळी निघताना ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमासु’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी निघतेय, माफ करा. वाक्य पाठ करा आणि खुशाल निघा. मी सुरुवातीला साहेब उठेपर्यंत बसून राहायचे, कोणी सांगितलं नसताना. एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना जादा कामाची मर्यादा कायद्याने घातली आहे. एरवी महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. काही पगारांत ठरावीक तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलेला असतो.

आणि मग काउंटर. विमानतळावर रेसिडेन्स कार्ड मिळतं. राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्याच्या मागे पत्ता लिहून घ्यावा लागतो. हे काम टाळू नका, पुढचं सगळं त्यावर अडतं. फोन नंबर असल्याशिवाय खातं नाही, खातं असल्याशिवाय फोन नाही, असाही फेरा होतो. बऱ्याच बँका सहा महिने झाल्याशिवाय खळखळ करतात, म्हणून बहुतेक जण आधी पोस्टाच्या बँकेत जातात. मी एका बँकेत गेले. पासपोर्टवर माझ्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं, ते सगळं काताकाना लिपीत फॉर्मच्या चौकोनांत बसवायचं. एक अक्षर चुकलं, मी खोडून वर लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी नवा फॉर्म पुढे केला. दुसऱ्यात पत्त्याचा क्रम चुकला. पुन्हा दोन्ही हातांनी नवा फॉर्म. तिसऱ्याला ती प्रत्येक चौकोनावर बोट ठेवत माझ्याबरोबर वाचत गेली. पन्नास मिनिटं लागली. मागे सात-आठ माणसं बसलेली, पण कोणी घड्याळ बघितलं नाही. तीच माणसं सकाळी गेटवर मला वळसा घालून गेली असतील. अशा कामांना अर्ध्या दिवसाची सुट्टी टाका, ‘लंचमध्ये जाऊन येते’ जमत नाही.

झोपेचं मात्र मी उशिरा सावरलं. भारत साडेतीन तास मागे. आई रात्री आठला सिरियल संपली की फोन करायची, तेव्हा इथे साडेअकरा. त्यात सकाळी आठच्या आत कचरा खाली ठेवायचा, तोही वारांप्रमाणे वेगळा, त्यामुळे उशिरा उठायची सोय नाही. पहिले काही महिने मी रविवार नुसते झोपून घालवले आणि शहराच्या वेगाला शिव्या दिल्या. शेवटी फोनची वेळ बदलली. आता स्टेशनवरून घरी चालत येताना मीच लावते. इथे साडेआठ, तिथे पाच, आईचा चहा गॅसवर. गाडीत फोनवर बोलत नाहीत, पण रस्त्यावर कोणाची हरकत नसते. घर बारा मिनिटांवर आहे. मी शाळेच्या मागच्या रस्त्याने येते, तिकडून वीस लागतात.