मिटफर्ड बहिणींची वंशावळ कशी काढायची

मिटफर्ड या इंग्लंडमधल्या उमराव घराण्याबद्दल वाचायला घेतलं की गोंधळ उडतोच, सहा बहिणी, एक भाऊ, त्यात हिटलरवाली कोण नि कम्युनिस्ट कोण. इथे रत्नागिरीत पावसात दोन दिवस लाईट नव्हती तेव्हा पडवीत बसून मी वंशावळ काढली, एकदा चुकली, मग जमली.

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून आडवं घ्या, वहीचं पुरत नाही. माझी चूक अशी की आपल्या कुलवृत्तांतासारखी काढायला गेलो, मुलग्याची रेघ पुढे न्यायची आणि मुलींची नावं लिहून थांबायचं. वर बाप लॉर्ड रीड्सडेल, खाली एकुलता मुलगा टॉम, तो लग्नाशिवायच १९४५ ला ब्रह्मदेशात लढताना गेला, संपलं घराणं! (जर्मनांशी लढायचं नव्हतं म्हणून तिकडे गेलेला. इथे रत्नागिरीत कैदेत ठेवलेल्या आमच्या थिबा राजाचा ब्रह्मदेश तो.) आत्या मागून म्हणाली, "आमच्या पोथीतपण असंच केलंनीत." तर रेघा मुलींच्याच ओढा.

क्रम असा: नॅन्सी १९०४, पामेला १९०७, टॉम १९०९, डायना १९१०, युनिटी १९१४, जेसिका १९१७, डेबोरा १९२०. नातं निळ्या पेनाने, फॅसिस्टांना काळं, त्यांचे शर्टच काळे होते, आणि जेसिकाला लाल, कम्युनिस्ट ती.

डायनाला जागा जास्त ठेवा. पहिला नवरा गिनेस, तो सोडला, दुसरा ऑस्वाल्ड मोस्ले, ज्याने १९३२ ला ब्रिटिश फॅसिस्टांचा पक्ष काढला. लग्न १९३६ ला बर्लिनमध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी, पाहुणा हिटलर! मोस्लेच्या दुसऱ्या बाजूला त्याची पहिली बायको सिंथिया, १९३३ ला वारलेली, आणि तिच्या डोक्यावर बाप लिहा: लॉर्ड कर्झन. हो, बंगालची फाळणी करणाराच. हे लिहिताना माझा चहा गार झाला.

युनिटीला गडद काळं. म्युनिकमध्ये हिटलर ज्या हॉटेलात जेवायला यायचा तिथे ही जाऊन जाऊन बसायची, शेवटी फेब्रुवारी १९३५ ला त्याने टेबलावर बोलावलं. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं तर हिने बागेत जाऊन स्वतःच्या डोक्यात गोळी घातली, मेली नाही, गोळी डोक्यातच राहिली, १९४८ ला गेली.

आईबापाची रेघ पेन्सिलने काढा, खोडायची आहे, कारण युद्ध लागल्यावर बापाचं हिटलरवरून मन उडालं, आईचं काही उडालं नाही, आणि दोघं वेगळी राहायला लागली. नॅन्सीपासून डायनापर्यंत तुटक बाण: १९४० ला नॅन्सीनेच सरकारात सांगितलं की बहीण धोकादायक आहे. डायना १९४३ पर्यंत तुरुंगात. पामेला, डेबोरा पटकन उरका, डेबोरा पुढे डचेस झाली एवढं पुरे.

उजवीकडे मात्र चार बोटं जागा सोडा. जेसिका १९३७ ला ज्याच्याबरोबर स्पेनला पळाली तो एस्मंड रोमिली चर्चिलच्या बायकोचा भाचा, आणि डायनाला आत टाकलं ते चर्चिलच्याच सरकारने, म्हणजे चर्चिलला पानावर घ्यावाच लागतो. मी सोडली नव्हती, मग आत्याने भाताची शितं लावून दुसरं पान चिकटवून दिलंन.