आधी घाबरून बघा, मग क्लास निवडा: ॲक्शन आरपीजीतल्या या चुका टाळा

"दादा, सगळ्यात ओपी क्लास कुठला?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. (ॲक्शन आरपीजी म्हणजे एक पात्र घेऊन लढत लढत ते वाढवत न्यायचे व्हिडिओ गेम, क्लास म्हणजे त्या पात्राचा प्रकार: योद्धा, जादूगार वगैरे, आणि ओपी म्हणजे सगळ्यांना भारी पडणारा.) ऑफिसातल्या नव्या पोरांकडून येतो, सोसायटीतल्या मुलांकडून येतो, आणि एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी मुलाकडूनही आला. माझ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. मी त्याला उलट विचारलं, "अंगावर अचानक काही मोठं धावून आलं तर तू काय करतोस? पळतोस, आडवा हात धरतोस, की आधी एक ठेवून देतोस?" तो हसला. त्याला वाटलं मी टाळतोय.

मी टाळत नव्हतो. पंचवीस एक वर्षं हे गेम खेळून मला एवढंच कळलंय की घाबरल्यावर आपला हात जे करतो, तोच आपला क्लास. बाकी टियर लिस्ट, म्हणजे कुठला क्लास किती भारी याच्या याद्या, वगैरे नंतरच्या गोष्टी.

टियर लिस्ट बघून क्लास उचलणं

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. मुलुंडला राहतो, बारावी झालेला. एल्डन रिंग (असाच एक ॲक्शन आरपीजी) घेतली आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, गेमच बकवास आहे." रविवारी गेलो. ताईने पोहे दिले, ते खात मागे बसून नुसता बघत होतो.

त्याने ॲस्ट्रॉलॉजर, म्हणजे जादूगार, घेतला होता. का? तर लोकलमध्ये येता-जाता व्हिडिओ पाहिले होते, आणि सगळीकडे म्हणे 'लांबून जादू मारा, सोपं जातं' असं सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं चूक नाही. लांब राहता येणाऱ्याला ते खरंच सोपं जातं. पण या पोराला लांब राहताच येत नव्हतं! मार्गिट, म्हणजे सुरुवातीचा मोठा शत्रू (बॉस), काठी उगारून आला की याचा अंगठा आपोआप पुढे. घाबरला की हा मागे सरकत नाही, समोरच्याच्या पोटात शिरतो. शिवाजी पार्कात असे बॅट्समन बघितले असतील तुम्ही, बाऊन्सर आला तरी फ्रंट फूटवरच. त्यात मार्गिटचा फटका उशिरा पडतो. काठी वर जाते, तिथेच थांबते, आपण आधीच लोळून मोकळे झालेलो असतो आणि मग ती डोक्यात बसते. अंगाला चिकटून उभा असलेला जादूगार तिथे काय करणार?

मग मी स्टॅट्सचं, म्हणजे पात्राच्या आकड्यांचं, पान उघडायला सांगितलं आणि पोहे बाजूला ठेवले. ॲस्ट्रॉलॉजर सुरू होतो लेव्हल ६ ला, इंटेलिजन्स (जादूची ताकद) १६, व्हिगर (जीव) ९. भाच्याची लेव्हल होती ३०. मधल्या चोवीसच्या चोवीस लेव्हलचे पॉइंट इंटेलिजन्समध्ये! इंटेलिजन्स ४०, व्हिगर अजून ९. व्हिगर ९ म्हणजे एचपी, मार सोसायची क्षमता, ३९६. तेच २५ केलं असतं तर ८०० मिळाले असते, दुपटीहून जास्त. "पण मामा, डॅमेज कमी झाला असता ना." अरे, मेलेला माणूस डॅमेज किती देतो?

त्याला नवा व्हॅगाबाँड, म्हणजे ढाल-तलवारवाला योद्धा, सुरू करायला लावला. लेव्हल ९, व्हिगर १५, हातात ढाल. रडला थोडा, चार दिवसांची मेहनत वाया म्हणून. पण अर्ध्या तासात त्याचा हात ढालीवर असा बसला की जणू तिथेच असायला हवा होता. पुढच्या शनिवारी मार्गिट पाडला आणि रात्री साडेबाराला मला फोन. सोमवारी ऑफिस असतं तशी शनिवारी झोप असते, हे या पिढीला कोण सांगणार.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. महिन्याभराने राया लुकारिया या जादूच्या अकादमीत रेनाला या बॉसला हरवल्यावर त्याने लार्व्हल टिअर ही वस्तू वापरून सगळे पॉइंट परत वाटले आणि पुन्हा जादूगार झाला. मामाचा सल्ला गेला चुलीत. फरक एवढाच की या वेळी आधी व्हिगर ३० केला, मग इंटेलिजन्सला हात लावला. दुसरं म्हणजे महिनाभर ढाल धरून फटके कधी पडतात हे त्याला पाठ झालं होतं, त्यामुळे आता तो मागे सरकतो.

ते टियर लिस्टवाले लोक गेम संपवून बसलेले असतात, हेही लक्षात ठेवा. त्यांची यादी शेवटच्या टप्प्याची असते. तुम्ही अजून पहिल्या गावाच्या वेशीवर आहात, तिथवर पोचायला तुम्हाला दोन महिने लागणार. डायब्लो ४ सारख्या सीझनवाल्या, म्हणजे दर काही महिन्यांनी नव्याने सुरू होणाऱ्या, गेममध्ये तर तेवढ्यात बॅलन्स बदलून यादीच उलटीपालटी होते.

या गेममध्ये क्लास म्हणजे काय, हेच न बघणं

शब्द एक, अर्थ वेगवेगळे. डायब्लोमध्ये क्लास जन्माला चिकटलेला. बार्बेरियन घेतलात तर शेवटपर्यंत बार्बेरियन, सॉर्सरर व्हायचं तर नवं कॅरेक्टर. एल्डन रिंगमधले दहा क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे आणि कपडे. पुढे सामुराईने जादू शिकली तरी कुणी अडवत नाही. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये तेराशेहून जास्त ठिपक्यांचं, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांचं, एकच झाड सगळ्यांना सामायिक. क्लास म्हणजे तुम्ही त्या झाडावर कुठून चढता एवढंच, आणि कौशल्यं येतात जेम्समधून, म्हणजे रत्नांमधून, त्यामुळे विच (चेटकीण) सुद्धा धनुष्य चालवू शकते. तेव्हा एका गेममध्ये दोन दिवस डोकं खाजवा आणि दुसऱ्यात दोन मिनिटांत उरका. लोक नेमकं उलटं करतात.

एकाच गोष्टीत सगळे पॉइंट ओतणं

ही चूक माझी स्वतःची. अजून सल आहे.

२००२ सालची गोष्ट. गिरगावात एका सायबर कॅफेत आम्ही तिघं मित्र लॅनवर, म्हणजे मशीन एकमेकांना जोडून, डायब्लो २ खेळायचो. तासाला वीस रुपये. सेव्ह त्याच मशीनवर राहायची, म्हणून सहा नंबरचं मशीन माझं. त्यावर कुणी ईमेल बघत बसलेला दिसला की मी मागे उभा राहून खोकायचो. क्लासला जातो सांगून जायचो, ते एका अर्थी खरंच होतं.

माझी सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण. बर्फाचं वेड. फ्रोझन ऑर्ब या बर्फाच्या जादूत २० पॉइंट, कोल्ड मास्टरीत २०, उरलेले ब्लिझार्डमध्ये. नॉर्मल आणि नाइटमेअर या पहिल्या दोन पातळ्यांत मी राजा होतो. बार्बेरियनवाला मित्र कुऱ्हाड उगारेपर्यंत समोरचे सगळे निळे पडून फुटलेले असायचे, आणि मी त्याला म्हणायचो, तू नुसतं सोनं उचल.

मग हेल डिफिकल्टी, म्हणजे तिसरी, सगळ्यात अवघड पातळी. पहिल्याच मैदानावर एका राक्षसाच्या नावाखाली लिहून आलं, इम्यून टू कोल्ड. मला वाटलं काहीतरी बारीक फरक असेल. ऑर्ब मारला. दहा मारले. त्याचा केससुद्धा हलला नाही. कोल्ड मास्टरी समोरच्याचा थंडीचा प्रतिकार कमी करते खरी, पण इम्यून असलेल्यापुढे तिचं काही चालत नाही. माझ्याकडे आगीचा एक पॉइंट नव्हता, विजेचा नव्हता. वर हेलमध्ये आपले स्वतःचे रेझिस्टन्स (प्रतिकाराचे आकडे) शंभराने घसरतात, म्हणजे त्याचा हात लागला की मीच आडवा. उरलेला महिना बार्बेरियनच्या मागे लपून काढला. "तू नुसतं सोनं उचल," हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकलं.

तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोय नव्हती. ती डायब्लो २ मध्ये आली २०१० च्या १.१३ पॅचने, गेम आल्यावर दहा वर्षांनी. मी नवी सॉर्सरेस सुरू करायचं ठरवलं त्याच आठवड्यात कॅफेवाल्याने सगळी मशीन फॉरमॅट केली, हा भाग मी सहसा सांगत नाही.

तेव्हापासून माझी सवय: मुख्य हत्यार चालत नसेल तेव्हा काय, याचं उत्तर पहिल्या पंधरा लेव्हलमध्ये तयार पाहिजे. दुसरं मूलद्रव्य, एखादा भाडोत्री साथीदार, नाहीतर साधा बॉम्ब. काहीही, पण दुसरं. मात्र याचा अर्थ सगळ्यात थोडं थोडं असा घेऊ नका. तलवारही, जादूही, धनुष्यही करणारे नवशिके मी पाहिलेत. त्यांना कुठलंच नीट हत्यार पेलत नाही. एक धंदा आणि एक जोडधंदा, बस.

शेवटच्या तलवारीसाठी पहिला क्लास

"मूनव्हेल हवी म्हणून काय घेऊ?" असंही विचारतात; मूनव्हेल ही एल्डन रिंगमधली तलवार. मूनव्हेलला स्ट्रेंग्थ १२, डेक्स्टेरिटी १८, इंटेलिजन्स २३ लागतं, आणि ती मिळते केलिड या भागातल्या एका खाणीत, मॅग्मा विर्म या बॉसला मारल्यावर. तिथवर ज्या तलवारीने जाणार आहात तिचा विचार करा. हातातल्या साध्या तलवारीला स्मिदिंग स्टोनने (हत्यार मजबूत करायच्या दगडांनी) चार पायऱ्या चढवलंत तर सुरुवातीला स्टॅट्सपेक्षा जास्त फरक पडतो. हे दहा जणांना सांगितलं तर एक ऐकतो.

बाकीच्या, पटापट

चिलखत छान दिसतं म्हणून क्लास घेऊ नका. चिलखत तासाभरात बदलतं. आणि ते घालताना वजन बघा. एल्डन रिंगमध्ये इक्विप लोड, म्हणजे अंगावरचं वजन, ७० टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर लोळताना सिमेंटची गोणी पडल्यासारखे पडता आणि दोष क्लासला देता.

पहिल्याच खेपेला एल्डन रिंगमधला रेच हा क्लास घेणारे वीर असतात. लेव्हल १, सगळे स्टॅट १०, हातात सोटा, अंगावर चिंधी. कशासाठी? कुणाला दाखवायचंय?

दर दोन दिवसांनी क्लास बदलणं ही चूक नाही, ते खेळणं आहे. फक्त मग "माझी लेव्हल वाढतच नाही" म्हणू नका.

नेक्रोमान्सर आळशी लोकांचा क्लास आहे असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. संकटात ज्याचा हात गोठतो, काहीच दाबत नाही, त्याने मुडदे उठवून पुढे पाठवावेत. अशा माणसाला कुणीतरी सांभाळणारं लागतंच.

मी स्वतः कसा निवडतो

शास्त्र नाही, सवय आहे. तीन कॅरेक्टर करतो: एक अंगावर जाणारं, एक लांबून मारणारं, एक इतरांना पुढे करणारं. प्रत्येकाला एक तास, किंवा पहिल्या मोठ्या बॉसपर्यंत. त्या काळात एकही व्हिडिओ नाही. आणि हे रविवारी सकाळी ताज्या डोक्याने करत नाही. मंगळवारी-बुधवारी, दादरला फास्ट लोकल बदलून, घामाने भिजून घरी आल्यावर, जेवण झाल्यावर करतो. कारण पुढचे दोन महिने त्याच अवस्थेत खेळायचं असतं. रविवारी सकाळी मला आठ बटणांचं अवघड कॉम्बो जमतं आणि वाटतं आपण रोग (Rogue, चपळ चोरटा क्लास) च. बुधवारी रात्री अकराला मला फक्त दोन बटणं सापडतात.

त्या दोन बटणांत जो जिवंत राहतो, तो ठेवतो. उरलेले दोघं डिलीट करत नाही, स्लॉट रिकामे असतात तोवर असू देतो.

मित्रांबरोबर खेळणार असाल तर मात्र आधी फोन करा. गेल्या वेळी आम्ही तिघांनी एकमेकांना सरप्राइज द्यायचं ठरवलं आणि रात्री साडेदहाला तीन धनुर्धारी एकमेकांच्या मागे लपायला जागा शोधत होते. बार्बेरियनवाला मित्रही त्यात होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच धनुष्य घेतलं होतं बिचाऱ्याने. मी म्हटलं, तू नुसतं सोनं उचल.