मेडिकल कॉलेजचं महिन्याचं बातमीपत्र कसं काढायचं (रंग-फॉन्ट सोडून बाकी सगळं)

कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मी आहे आणि गेली नऊ वर्षं स्टाफच्या बातम्या आणि येणारे कार्यक्रम असं चार पानी बातमीपत्र दर महिन्याला माझ्या गळ्यात आहे. गळ्यात म्हणजे खरंच गळ्यात, आधी करणारे सर रिटायर झाले, फाईल माझ्या टेबलावर आली आणि परत कुणी न्यायला आलंच नाही. आता दुसऱ्या कॉलेजातले लोक फोन करतात, "मॅडम तुमचं टेम्प्लेट पाठवा की." पाठवते. पण टेम्प्लेटनं काय होत नाही हो. 'आकर्षक न्यूजलेटर बनवा' म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात सगळं रंग आणि फॉन्टवरच. रंग कोण बघतंय? लोक पीडीएफ उघडतात, आपलं नाव शोधतात, पद चुकलेलं दिसलं की फोन लावतात. बास, एवढंच वाचन.

डिझाइन एका ओळीत उरकते: साधं डॉक्युमेंट, दोन कॉलम, पहिल्या दोन पानांवर स्टाफ, पुढच्या दोनवर कार्यक्रम, संपलं.

फॉन्ट मात्र युनिकोड पाहिजे. ऑफिसातून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेलं पत्र येतं, ते चिकटवलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, मग आपण घाईत कन्व्हर्टरमधून काढतो आणि त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. नावं तेवढी हातानं परत टाईप करा. सगळी. वीस नावं असतात, दहा मिनिटं लागतात.

बातम्या गोळा करायला विभागप्रमुखांना पत्र पाठवू नका, त्यांना वेळ नसतो आणि आपल्याला उत्तर येत नाही. गुगल फॉर्म पण करून बघितला, पहिल्या महिन्यात दोन जणांनी भरला, त्यातली एक मीच. विभागाच्या क्लार्कला गाठायचं. २० तारखेच्या आसपास एक फेरी मारायची, चहा घ्यायचा, "या महिन्यात कोण आलं, कोण गेलं, कुणाचं काय छापून आलं" एवढं विचारायचं. वॉर्डातल्या मावशी आणि मामांना तर क्लार्कच्याही आधी कळलेलं असतं. ते छापायचं नाही, पण कुठं विचारायला जायचं ते त्यावरून समजतं.

आता खरा घोळ. मी पहिली दोन वर्षं इथंच मार खाल्लाय त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

स्टाफच्या बातमीत नाव सोपं असतं. अवघड असतो तो एक शब्द, म्हणजे त्या माणसाचं नक्की झालं काय. नियुक्ती झाली, रुजू झाले, पदोन्नती मिळाली, बदली झाली, कार्यमुक्त झाले, अतिरिक्त कार्यभार आला, प्रभारी झाले. बोलताना आपण या सगळ्याला "सरांचं झालं" म्हणतो. छापताना प्रत्येकाचा अर्थ वेगळा, तारीख वेगळी, आणि चुकलं की ज्याला खुपायचं त्याला ते बरोबर खुपतं.

मी पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात एका सरकारी कॉलेजात होते तिथला किस्सा. एका सर्जन सरांची बदली झाल्याचा मेसेज ग्रुपवर आला, खाली पन्नास जणांचं 'अभिनंदन सर, पुढील वाटचालीस शुभेच्छा'. मी मोठ्या हौसेनं अर्धं पान निरोपाचं केलं, फोटो टाकला, त्यांनी किती ऑपरेशन थिएटरं गाजवली वगैरे लिहिलं. सरांनी तोवर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊन बदलीला स्थगिती आणली होती. सोमवारी सर आपले ओपीडीत हजर, आणि टेबलावर त्यांच्याच निरोपाचा अंक. ते काय बोलले नाहीत, फक्त लायब्ररीत येऊन "मॅडम, मी अजून आहे" एवढंच सांगून गेले. त्यानंतर मी व्हॉट्सॲपवरच्या अभिनंदनावरून एक ओळ छापलेली नाही.

म्हणून माझा नियम असा की आदेश निघाला ही बातमी नाहीच, रुजू अहवाल ऑफिसात आला की बातमी. बदलीला कार्यमुक्तीचं पत्र बघायचं. हे दोन्ही कागद आस्थापना शाखेत, म्हणजे स्टाफच्या नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत असतात, तिथं स्वतः जायचं, फोनवर विचारायचं नाही, कारण फोनवर समोरचा आठवणीनं सांगतो आणि आपण ऐकलंय ते लिहितो, त्यात दोन चुका आधीच झाल्या. कागद बघून नाव, पद, विभाग, तारीख वहीत उतरवायची. कागद अजून आलाच नसेल तर बातमी पुढच्या महिन्यात. "अहो पण सगळ्यांना माहितीय" म्हणणारे असतात, त्यांना म्हणायचं मग छापायची गरजच काय.

नियुक्ती आणि रुजू यातला फरक कुणाला फालतू वाटत असेल तर आपल्याच गावातलं उदाहरण बघा. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून एमडी झाल्या आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आज आपण ज्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतो तिथल्या स्त्री विभागाची जबाबदारी दिली. नेमणूक झाली, पण त्या भारतात परतल्या तेव्हाच आजारी होत्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, बावीस वर्षं पण पुरी झाली नव्हती. कोल्हापूरचा चार्ज त्यांनी कधी घेतलाच नाही. तरी दर ८ मार्चला कुठल्यातरी पोस्टरवर "कोल्हापुरात रुग्णसेवा केली" असं येतंच. नेमणुकीच्या कागदावरून पुढची गोष्ट लोकांनी आपापली लिहून टाकली. आपल्या चार पानात तेच होतं, फक्त छोट्या मापात.

दुसरा खड्डा सहयोगी आणि सहायक. असोसिएट प्रोफेसर म्हणजे सहयोगी प्राध्यापक, असिस्टंट प्रोफेसर म्हणजे सहायक प्राध्यापक, आणि सहायक ही खालची पायरी. दोन्ही 'सह' नं सुरू होतात, मोबाईलचा कीबोर्ड पहिल्या दोन अक्षरांवर आपल्याला पाहिजे ते पुढं करतो आणि वर्षानुवर्षं वाट बघून सहयोगी झालेल्या मॅडम पदोन्नतीच्याच बातमीत परत सहायक होऊन बसतात. हे मी केलंय. त्या मॅडम महिनाभर लायब्ररीत आल्या नाहीत, पुस्तकं शिपायाकडून मागवायच्या. आता मी पूर्ण अंक झाला की फक्त 'सह' शोधते आणि प्रत्येक ठिकाण वहीशी ताडून बघते. एवढं एक करा, बाकी माझं काही ऐकू नका.

'प्रभारी' शब्द कुणाला आवडत नाही. अधिष्ठातांचा, म्हणजे डीनचा तात्पुरता चार्ज असेल तर प्रभारी अधिष्ठाता लिहायचंच, त्यांच्या केबिनमधून कुणी येऊन "तो शब्द काढा की मॅडम" म्हणालं तरी. पूर्ण चार्ज आल्यावर वेगळी बातमी होते, तेव्हा मोठा फोटो टाकू म्हणून सांगायचं. चालतं.

रिटायरमेंटला तारखेचा एक घोळ आहे. माणूस ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि आपल्याकडं जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली माणसं कमी नाहीत, त्यामुळं ३१ मे ला निम्मा दवाखाना रिटायर होतोय की काय असं वाटतं. मे च्या अंकात दोन पानं जादा धरून ठेवा आणि फोटो एप्रिलमध्येच काढून घ्या, मे मध्ये अर्धे लोक रजेवर आणि उरलेले तांबडा-पांढऱ्याच्या बेतात.

विभागांची नावं एकदा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र, औषधनिर्माण नव्हे, ते फार्मसी. पॅथॉलॉजी विकृतीशास्त्र, मायक्रोबायोलॉजी सूक्ष्मजीवशास्त्र. ॲनेस्थेशियाला बधिरीकरणशास्त्र लिहायचं, बोलताना भूलवाले म्हटलं तरी. आणि परिचयात "एमसीआय मान्यताप्राप्त" असलं काही जुन्या अंकातून चिकटून आलं असेल तर उडवा, ती जुनी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया, २५ सप्टेंबर २०२० पासून तिथं एनएमसी, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन आहे.

शोधनिबंध: छापून आलाय का फक्त स्वीकारलाय ते विचारा. लिंक नाही तर बातमी नाही.

आता कार्यक्रम. हा भाग लोकांना अवघड वाटतो, मला सोपा वाटतो, फक्त तीन गोष्टी बघायच्या.

एक म्हणजे सीएमई, डॉक्टरांसाठीचे पुढच्या शिक्षणाचे कार्यक्रम. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळं वाचणारा विषय नंतर बघतो, पॉइंट आधी. आयोजक सांगतात "दोन पॉइंट टाका, अर्ज केलाय." अर्ज केलाय म्हणजे मिळाले नाहीत. कौन्सिलचं मान्यतेचं पत्र हातात आल्याशिवाय आकडा छापायचा नाही, 'पॉइंटसाठी अर्ज केला आहे' असं पण छापायचं नाही, लोक फक्त 'पॉइंट' शब्द वाचतात आणि इचलकरंजी-गडहिंग्लजवरून गाडी काढून येतात.

दुसरं, दिनविशेष. १ जुलै हा आपला राष्ट्रीय डॉक्टर दिन, डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन एकाच तारखेला येतो म्हणून, १८८२ आणि १९६२. तो 'जागतिक' नाही, दरवर्षी कुणीतरी जागतिक लिहून पाठवतंच. १२ मे चा परिचारिका दिन मात्र आंतरराष्ट्रीय. भारतीय अवयवदान दिन पूर्वी २७ नोव्हेंबरला असायचा, २०२३ पासून ३ ऑगस्टला आलाय, कारण १९९४ साली त्या तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं. जुन्या अंकातून तारखा उचलणारा इथंच सापडतो.

तिसरं आपलं गाव. बाहेरचा पाहुणा बोलवायचा असेल तर तारीख ठरवणारा डॉक्टर फक्त स्वतःची ओपीडी बघतो, पंचगंगेचा पूर बघत नाही. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा, या काळात पुण्याहून येणाऱ्या वक्त्याचा कार्यक्रम आला की मी आधी विचारते, ऑनलाईनची सोय ठेवलीय का. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला काय आणि २०२१ ला काय, शिरोलीजवळ हायवेवरच पाणी, पुण्याची वाटच बंद. शिवाय त्या दिवसांत निम्मे डॉक्टर पूरग्रस्तांच्या कॅम्पला असतात, हॉलमध्ये बसणार कोण? गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम घेऊ नका, मिरवणूकच संपलेली नसते. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, २६ जूनला शाहू जयंती, या दिवशी शहरातून गाडी काढणं म्हणजे नादच. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक पण शेजारी ठेवा, नाहीतर ज्या हॉलमध्ये आपण चर्चासत्र छापलं तिथं थर्ड इयरची पोरं पेपर लिहीत बसलेली असतात.

मी एक साधं भिंतीवरचं कॅलेंडर ठेवलंय, त्यावर लाल पेननं हे सगळं जानेवारीतच लिहून ठेवते. कुणी तारीख घेऊन आलं की कॅलेंडरकडं बोट करते. वाद घालावा लागत नाही.

फोटोत पेशंटचा चेहरा नको, मागच्या बेडवरचा पण नको. केसपेपर दिसतोय का ते फोटो मोठा करून बघा. डॉक्टरांचे मोबाईल नंबर छापू नका, विभागाचं एक्स्टेंशन द्या.

शेवटी वाचून घ्या, पण स्वतः नाही. मी प्रिंट काढून आस्थापनेच्या भाऊसाहेबांना पहिली दोन पानं देते, ते लाल पेन घेऊन फक्त पदं आणि तारखा बघतात, भाषेला हात लावत नाहीत, आणि मला तेच पाहिजे असतं. अधिष्ठातांची सही झाली की पीडीएफ ग्रुपवर.

पाठवायचं सकाळी, साडेदहाच्या आत. संध्याकाळी पाठवलं की चुका सांगणारे फोन रात्री जेवताना येतात. फोन येणारच, नऊ वर्षांत एकही अंक बिनफोनचा गेलेला नाही. पीडीएफ बदलून परत टाकू नका, ग्रुपवर दोन अंक फिरतात आणि चुकीचाच जास्त फिरतो. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, खाली कोपऱ्यात बारीक टायपात नाही, वर नावासकट दुरुस्ती द्यायची. 'मी अजून आहे' वाल्या सरांची दुरुस्ती मी तशीच दिली होती, तीन ओळी, निरोपाच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरात. त्यांनी त्याची प्रिंट काढून ओपीडीच्या दाराला लावली.