नळदुर्गला जाताना आधी एक फोन करा

नळदुर्गला निघायच्या आधी तिथल्या कुणालातरी फोन करून एवढंच विचारा, "नर-मादी चालू आहेत का?" बोरी नदी भरून आली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात, त्यांची ही नावं. नदीला पाणी नसेल तर किल्ला दिसतो, पण बांधणाऱ्यांची खरी करामत दिसत नाही. म्हणून मी पाहुण्यांना श्रावण-भाद्रपदातच नेतो.

गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. सोलापूरहून एसटीनं तासाभराचा प्रवास. आत गेलात की ऊन चढायच्या आधी उपळ्या बुरूज चढून घ्या. वर लांबलचक तोफा आहेत, पण त्या नंतर बघा. आधी बोरीचा वळसा बघा, पलीकडचा रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला बघा आणि दोन्ही बाजू जोडणारा बंधारा नजरेत धरा. हे एकदा ध्यानात बसलं की खाली वाट चुकत नाही.

मग पाणी महाल. घाई करायची नाही, तासभर तरी इथंच द्या. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, नदी अडवली आणि त्या भिंतीच्या पोटातच बसायला महाल काढला. जिना अंधारा, दगडावर शेवाळ. लेकरांचा हात सोडू नका. पाणी फार असेल आणि आत सोडलं नाही तर हुज्जत घालू नका. सोडलं तर खिडकीशी बसा. नदी तुमच्या डोक्यावरून पुढं जाऊन पडते आणि तुम्ही मात्र कोरडे. शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांचं मला दर वेळी नवल वाटतं. त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचायला हवी होती.

परतताना बोरीच्या पुलापाशी थांबा. तेव्हा नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि हैदराबादकडं जायचा हा मार्ग मोकळा झाला. चार दिवसांनी निजामाचं राज्य संपलं. या कारवाईलाच लोक 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. माझी आज्जी त्या साली रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, भीतीनं लेकरं घेऊन रातोरात सोलापूरच्या हद्दीत गेली होती. "पोलीस ॲक्शन झाली अन् आमी घरी आलो," एवढंच ती सांगायची. घरी आल्यावर पहिल्यांदा तिनं चुलीतली राख काढली होती.