जुन्या बाईकचा न्यूट्रल लागत नव्हता: दोष क्लचचा निघाला

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडायचे. चालू केलं की पहिला खाड्कन, आणि सिग्नलला न्यूट्रल सापडायचाच नाही. गिअर ऑइल बदललं, गिअर लिव्हरची जोडणी सारखी केली, फरक शून्य. अक्षरशः रडकुंडीला आलो. बंद गाडीत गिअर नीट पडतात म्हणजे गिअरबॉक्स बहुधा ठीक, क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही (इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही), हे ओळखा. गिअरबॉक्स उघडू नका.

प्रायमरीचं, म्हणजे इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या कप्प्याचं, ऑइल काढा, केबल सैल करा, कव्हर आणि स्प्रिंगा काढून प्लेटा बाहेर घ्या. स्टीलची प्लेट सपाट काचेवर ठेवा. डुगडुगली तर बदला. क्लच बास्केटच्या (प्लेटा बसतात त्या डब्याच्या) बोटांसारख्या पट्ट्यांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा असतील, त्यांच्या कडा बारीक कानशीने घासा, कीस पुसा. माझ्याकडे प्लेटा तिथेच अडकत होत्या. जोडणी करून पुशरॉडचा (क्लच सोडवणाऱ्या दांड्याचा) ॲडजस्टर टेकेपर्यंत फिरवा, अर्धा आटा मागे घ्या, लॉकनट आवळा. केबलला लिव्हरपाशी २-३ मिमी ढिलाई ठेवा.

आता मुख्य काम. क्लच दाबून किक हळू फिरवा आणि प्रेशर प्लेटकडे (प्लेटा दाबून धरणाऱ्या बाहेरच्या चकतीकडे) बघा. ती वाकडी उचलत असेल तर कमी उचलणाऱ्या बाजूचा स्प्रिंग नट पाव-पाव आटा सैल करा, सरळ उचलेपर्यंत. मग कव्हर, ऑइल. आता इंजिन गरम असतानाही न्यूट्रल बोटभर दाबाने लागतो.